गीतरचनेची तालीम, ग्वाल्हेर

गीत किंवा बंदिश बांधायला शिकण्याच्या ग्वाल्हेरमधील रीती. गाणे शिकवणे हा या शहराचा जुना व्यवसाय. गाणे रचायला शिकवण्याचा वेगळा वर्ग मात्र परंपरेत नव्हता. भरपूर गाऊन झाल्यावर ज्याला रचावेसे वाटे, तो रचत असे. बंदिश म्हणजे मुळात बांधलेली वस्तू. राग, ताल आणि अक्षरे यांची गाठ कुठे मारायची, एवढाच इथला प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे उस्तादाच्या बैठकीत, विद्यालयाच्या वर्गात आणि लष्कर भागातल्या मराठी घरांत वेगवेगळी मिळत आली.

गाण्यातल्या शब्दांकडे ग्वाल्हेरने लक्ष दिले ते राजा मानसिंग तोमर (कारकीर्द १४८६–१५१६) याच्या दरबारापासून. त्याच्या आश्रयाखाली ध्रुपद या जुन्या गायनप्रकाराची पदे लोकांच्या देशी भाषेत रचली जाऊ लागली. ध्रुपदाला स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग असे चार भाग असतात. खयाल या नंतरच्या गायनप्रकारात पुढे स्थायी आणि अंतरा एवढेच उरले, म्हणजे दोन-चार ओळींत सगळा मजकूर. म्हणून खयाल लिहिणे सोपे वाटते. लिहायला बसले की तसे वाटत नाही. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो असे म्हणतात. शब्द सुचण्यासाठी त्यांचा उपयोग झाल्याचे कुणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात खयालगायक हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांच्या घराण्याची विद्या मराठी शिष्यांकडे आली. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, तर ग्वाल्हेरात शंकरराव पंडित (१८६३–१९१७) आणि त्यांचे पुत्र कृष्णराव (१८९३–१९८९) यांनी ती टिकवली. या तालमीत कागदाला जागा नसे. गुरू अस्ताई (म्हणजे स्थायी) म्हणे, शिष्य मागून म्हणे, आणि ती पाठ होऊन जुनी झाल्यावरच अंतरा मिळे. एकाच रागातल्या चार-पाच बंदिशी गळ्यावर चढल्या की एक गोष्ट आपोआप कळू लागते: राग तोच असला तरी प्रत्येक बंदिश समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वेगळ्या रस्त्याने येते. रचनेचे खरे शिक्षण ते हेच. घराण्यात खयालाबरोबर टप्पा, तराणा, अष्टपदी, चतुरंग असे प्रकारही गायले जातात. त्यातले चतुरंग रचना शिकणाऱ्याने मुद्दाम बघावे, कारण पदाचे शब्द, तराण्याचे निरर्थक बोल, सरगम आणि पखवाज-तबल्याचे बोल असे चार प्रकारचे सामान त्यात एकाच चालीत बसवलेले असते. कुठल्या जागेला अर्थाची गरज आहे आणि कुठे नुसते 'तोम तन' पुरते, हे त्यात उघड दिसते.

समेचा मुद्दा एका ओळीवरून पाहता येईल. नवशिक्याने मध्यलय तीनतालासाठी (सोळा मात्रांचा ताल) लिहिले: 'उतरे किल्ल्यावरुनी वारा'. मात्रा मोजल्या तर उतरे ४, किल्ल्या ४, वरुनी ४, वारा ४, एकूण सोळा. हिशेब चोख. पण या लयीतल्या पुष्कळ बंदिशींप्रमाणे मुखडा (समेकडे नेणारा ओळीचा सुरुवातीचा तुकडा) नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, उचलला तर 'उतरे किल्ल्या' एवढ्यात आवर्तन संपते आणि सम पडते 'वरुनी'च्या 'व'वर. शब्द मधोमध तुटला आणि तालातली सगळ्यात वजनदार जागा एका प्रत्ययाला मिळाली. तीच अक्षरे फिरवून 'किल्ल्यावरुनी वारा उतरे' केली की मुखडा 'किल्ल्यावरुनी' असा आठ मात्रांत अख्खा राहतो आणि सम 'वा'वर येते. 'वा' दीर्घ आहे, आकारान्त आहे. तिथे गळा उघडतो, आणि पुढे आलाप करायचा तर सोयीचे पडते. एकही शब्द बदललेला नाही. असला फरक बोलून समजावण्यापेक्षा गुरूने हातावर ताल धरून दोनदा गाऊन दाखवला की जास्त लवकर पटतो.

कृष्णरावांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने आणि संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले यांनी पुढे तिथे दीर्घकाळ शिकवले. आता गाणे फळ्यावर आले. भातखंडे यांच्या स्वरलिपीत मात्रांचे विभाग, सम, खाली आणि त्यांखालची अक्षरे एकाखाली एक लिहिलेली असतात. वर दाखवलेली 'वरुनी'ची चूक तिथे न गाताही डोळ्यांना दिसते. भातखंड्यांनी स्वतः 'चतुर' या नावाने लक्षणगीते रचली: रागाचे वादी-संवादी (मुख्य स्वर), वर्ज्य स्वर, वेळ हे सगळे त्याच रागात बांधलेल्या पदात सांगायचे. काव्य म्हणून ती बहुधा कोरडीच आहेत. पण सराव म्हणून लक्षणगीतासारखा प्रकार नाही, कारण मजकूर आधीच ठरलेला असतो आणि रचणाऱ्याला लक्ष फक्त बांधणीवर द्यावे लागते. स्वरलिपीची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड आणि अक्षर किंचित मागे ओढण्याची ढब कागदावर पुरती उतरत नाही. नुसत्या पुस्तकावरून शिकलेल्याची रचना चौकटीत अचूक बसते आणि गाताना ताठ वाटते.

मराठी घरातली वाट याहून साधी, आणि विद्वानांनी तिच्याकडे उगाच दुर्लक्ष केले आहे. घरात लग्न निघाले की कुणीतरी मंगलाष्टक लिहायला बसते. वृत्त शार्दूलविक्रीडित, चरणाला एकोणीस अक्षरे, गण म स ज स त त ग, बाराव्या अक्षरावर यती (थांबा). लिहिणाऱ्या आत्याला किंवा काकांना गण मोजता येतातच असे नाही. चाल कानात पक्की असते, तिच्यात वधूवरांची आणि आजोळची नावे कोंबायची. नाव बसत नसले की त्याची वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ केली जाते, आणि मांडवात कुणी हरकत घेत नाही. किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून मराठी रंगभूमीवरही पदाच्या डोक्यावर 'चाल' छापून तिच्यावर शब्द बसवण्याची रीत रुळली. सिनेमात आधी चाल, मग डमी शब्द, मग गीत असा क्रम चालतो तो याच जातीचा.

ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे (निधन १९४१) यांच्या कवितांवर जाति (मात्रावृत्त), राग, ताल आणि ठिकाण यांच्या नोंदी आढळतात. शब्द सुचतानाच ते गाण्याच्या अंगाने येत होते, याचा तो पुरावा धरता येईल. मराठी छंदांची शिस्तशीर मांडणी हवी असणाऱ्याला वडोदऱ्यात जन्मलेल्या माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'कडे जावे लागते.

शिकणाऱ्या मराठी मुलांपुढची जास्त गंमतीची अडचण भाषेची आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि बंदिश ब्रजमध्ये, म्हणजे मथुरेकडच्या बोलीत. ब्रजचे शब्द मऊ असतात: 'पिया'चा 'पियरवा' होतो, गरजेप्रमाणे स्वर लांबवला तरी शब्द मोडत नाही. मराठीत 'च्या', 'ल्या' अशी जोडाक्षरे पदोपदी आडवी येतात आणि द्रुत लयीत जिभेला अडखळवतात. त्यामुळे बरेच जण 'मोरे', 'बैरन' अशा तयार शब्दांच्या पुंजीवर पहिल्या बंदिशी बांधतात, ज्यात सासू, नणंद आणि पाण्याची घागर असते. लिहिणारा मात्र अकरावीत असतो. अंतऱ्याच्या शेवटी रचनाकाराची मुद्रा, म्हणजे नाव, घालण्याची प्रथा खयालात सदारंग-अदारंग या जुन्या रचनाकारांपासून चालत आली आहे. ती जागा नवशिका बहुधा मोकळी सोडतो, किंवा मात्रा भरायला तिथे गुरूंचे नाव घालतो.