चित्रपट व दूरचित्रवाणीतील ज्यू डॉक्टर

ज्यू डॉक्टर हे अमेरिकी पडद्यावरचे जुने पात्र. न्यूयॉर्कच्या स्थलांतरित ज्यू घरांत मुलगा डॉक्टर होणे म्हणजे आईबापांच्या कष्टांचे पांग फिटणे. त्यात १९२० च्या दशकापासून अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा पदवीचे मोल आणखी वाढले.

‘सिंफनी ऑफ सिक्स मिलियन’ (१९३२) मधला फेलिक्स गरीब वस्तीतला दवाखाना सोडून पार्क ॲव्हेन्यूवरच्या धनिकांवर उपचार करू लागतो. पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर सख्खा बाप त्याच्याच हातून दगावतो. मेलोड्रामा भडक आहे, पण पेच खरा. गंमत अशी, की फेलिक्स झालेला रिकार्डो कॉर्तेझ हाही मूळचा ज्यू, जेकब क्रांट्झ. हॉलिवूडने नाव बदलून त्याला लॅटिन नायक म्हणून पुढे आणले होते. ‘द लास्ट अँग्री मॅन’ (१९५९) मध्ये पॉल म्युनीने रंगवलेला म्हातारा डॉक्टर मात्र ब्रुकलिनची वस्ती सोडत नाही.

युरोपात या पात्राला असा पर्यायच उरला नव्हता. ‘प्रोफेसर मामलॉक’ या सोव्हिएत चित्रपटात (१९३८) नाझी लोक नामांकित शल्यविशारदाच्या पांढऱ्या कोटावर ‘ज्यू’ असे लिहून त्याची भर रस्त्यातून धिंड काढतात. मूळ नाटककार फ्रीडरिख वोल्फ स्वतः ज्यू आणि डॉक्टर होता. १९३९ मध्ये हिटलर-स्टालिन अनाक्रमण करार झाला आणि सोव्हिएत संघातच हा चित्रपट गुंडाळून ठेवला गेला.

दूरचित्रवाणीवर ज्यूपण बहुधा आडनावापुरते आणि विनोदापुरतेच राहिले. ‘हाउस’ या रुग्णालयावरच्या मालिकेतले डॉक्टर विल्सन, कडी व टॉब ही त्याची उदाहरणे. ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ (१९९०–९५) वेगळी ठरते. शिक्षणाचा खर्च अलास्का राज्याने उचलल्यामुळे न्यूयॉर्कचा जोएल फ्लाइशमन चार वर्षे आडगावात अडकतो. आपल्याकडच्या ग्रामीण सेवेच्या बाँडचीच ही गोष्ट, कुरकुरीसकट! मॅनी अंकल वारल्यावर कद्दिश या मृतासाठीच्या प्रार्थनेला दहा ज्यू हवेत, म्हणून गावकरी अलास्काभर शोध घेतात. शेवटी जोएल परक्या ज्यूंऐवजी त्या बिगरज्यू गावकऱ्यांसमोरच प्रार्थना म्हणतो.

‘द पिट’ (२०२५) या रुग्णालयावरच्या मालिकेत नोआ वायलीने साकारलेला डॉ. रॉबी असाच मृत्यूच्या वेळी ज्यू दिसतो. सामूहिक गोळीबारानंतर लहान मुलांचा कक्षच शवागार झालेला असतो. भिंतींवर प्राण्यांची चित्रे. तिथे तो जमिनीवर बसून, गळ्यातला ज्यूंचा षट्कोनी तारा मुठीत धरून शेमा ही ज्यू प्रार्थना पुटपुटतो. ‘उठा’ म्हणायला एक शिकाऊ विद्यार्थी येतो.