दुर्बीण घेण्याआधी: जंगल सफारीला जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"ही किती किलोमीटरपर्यंत दाखवते?"

दुकानात दुर्बीण हातात घेतली की जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. ऑक्टोबरात जंगलं उघडली की दिवसातून कितीतरी वेळा याचं उत्तर द्यावं लागतं. गर्दीत ते नीट देता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. घरी नेऊन सावकाश वाचा.

दुर्बिणीला किलोमीटरची मर्यादा नसते. पौर्णिमेचा चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. दुर्बीण समोरची वस्तू जवळ आणते. किती पट जवळ, ते तिच्यावरचा पहिला आकडा सांगतो. ८×४२ लिहिलं असेल तर आठ पट, म्हणजे ८० मीटरवरचं सांबर १० मीटरवर उभं असल्यासारखं दिसेल. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. उजेड किती आत येणार, ते त्यावर ठरतं.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचा प्रश्न येतो, "मग वीस पटीची द्या ना, आठची कशाला?" आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी जातो. वीस पटीची हट्टाने नेलेली दुर्बीण बहुतेक वेळा सोमवारी परत येते. शनिवार-रविवार ताडोबात गेलेला असतो, वाघही दिसलेला असतो, फक्त दुर्बिणीतून दिसलेला नसतो.

असं का होतं, ते हिशेबानेच पाहू. चांगल्या ८×४२ दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. २०×५० मधून जेमतेम ५५ ते ६०. आता हे जिप्सीतून वाघ दिसतो त्या अंतरावर आणा. रस्त्यापासून ५० मीटरवर, बांबूच्या बेटाशी वाघ आहे. आठ पटीच्या दुर्बिणीत साडेसहा मीटरचा पट्टा मावतो. पूर्ण वाढलेला नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे वाघ, त्याच्या पुढची वाट आणि मागे येणारा बछडासुद्धा एका वेळी दिसेल. वीस पटीत पट्टा असतो जेमतेम तीन मीटरचा. वाघ ३० मीटरवर आला तर तो पावणेदोन मीटरच्या आसपासच राहतो. डोळ्यांसमोर नुसते पट्टे येतात, आणि ते खांद्याचे की मांडीचे हे कळेपर्यंत वाघ गवतात शिरलेला असतो. बऱ्याचदा तेवढंही होत नाही. गाइड म्हणतो, "त्या अर्जुनाच्या झाडाच्या डावीकडे बघा," आणि दुर्बिणीत तो अर्जुनच सापडत नाही.

दुसरी अडचण हाताची. दुर्बीण चित्र जितकं मोठं करते तितकीच हाताची थरथरही मोठी करते. आठ पट हातात धरून चालते, दहा पट सवयीने जमते, वीस पटीला तिपाई लागते. जिप्सीत तिपाई कुठे लावणार? इंजिन बंद केलं तरी गाडीत सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर असतात. कोणी पाय हलवला तरी गाडी हलते. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट असते. मे महिन्यात ऊन चढलं की ताडोबा तलावाच्या काठावर हवा तापून थरथरत असते. ती थरथरसुद्धा वीस पट मोठी होते, आणि समोरची मगर आहे की ओंडका, हे आठ पटीत जितकं कळतं तितकंही कळत नाही.

काही ग्राहक रायफलवर लावायच्या दुर्बिणीही विचारतात. आम्ही त्या ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे हौसेची शिकार कायद्याने पूर्ण संपली. त्याआधीच्या काळात आमच्या वडिलांकडे शिकाऱ्यांच्या रायफलींवरच्या दुर्बिणी दुरुस्तीला येत, आणि ते नेहमी एक गोष्ट सांगत. जनावर जितकं धोक्याचं, तितकी दुर्बीण कमी पटीची. आफ्रिकेतल्या ज्या देशांत रानरेड्याची शिकार आजही परवान्याने चालते, तिथले जाणकार एक ते चार किंवा एक ते सहा पटीच्या दुर्बिणीच लावतात. रानरेडा झुडपातून निघतो तो काही पावलांवर, आणि त्या क्षणी शिकाऱ्याला रेडा पूर्ण दिसावा लागतो, आजूबाजूचा कळपही दिसावा लागतो. चौदा पटीत नुसती काळी कातडी दिसेल. रायफल मागे धक्का देते म्हणून त्या दुर्बिणींत डोळा भिंगापासून चांगला नऊ-दहा सेंटिमीटर लांब ठेवावा लागतो, नाहीतर दुर्बिणीची कड भुवईत रुतते. तुमच्या हातातल्या दुर्बिणीला तो धोका नाही, पण पटीचा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. पायी फिरणाऱ्या वनरक्षकांनाही आम्ही आठ पटीचीच सुचवतो. अस्वल कुठून येईल याचा नेम नसतो.

आता उजेडाचं. दुर्बीण हातभर लांब धरा, तोंड उजेडाकडे करा आणि मागच्या भिंगांकडे बघा. प्रत्येकात उजेडाचा एक छोटा गोल दिसेल. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की त्याचं माप निघतं: ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, २०×५० मध्ये अडीच, खिशातल्या १०×२५ मध्येही अडीच. दुपारी उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, त्यामुळे फरक जाणवत नाही, आणि दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालीही फारसा नाही. पण सकाळी गेट उघडतं तेव्हा, किंवा संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे जाते. त्या वेळी सव्वापाचचा गोल अडीचच्या गोलापेक्षा डोळ्यात चौपटीहून जास्त उजेड सोडतो. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणारे हे चांगलं जाणतात. चांदण्यात पाणवठ्यावर आलेलं जनावर रानडुक्कर की अस्वल, हे ८×४२ किंवा ७×५० मधून ओळखता येतं, लहान भिंगातून सावली दिसते.

याच गोलाने खोटी दुर्बीणही पकडता येते. यात्रेत, थंड हवेच्या ठिकाणी आणि ऑनलाइनही ३०×६० असं छापलेल्या छोट्या दुर्बिणी मिळतात. पुढचं भिंग पट्टीने मोजा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर, ते तिथे बसणारच नाही. मग मागचा गोल मोजून भागाकार करा, खरी पट हाती येते. लालभडक चकाकणाऱ्या भिंगांना भुलू नका. ज्या रंगाचा उजेड भिंगावरून परत फिरतो तो तुमच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही. झूमवाल्या, म्हणजे दहा ते तीस पट अशा बदलत्या दुर्बिणी आम्ही ठेवणं बंद केलं आहे. त्यांच्या दोन नळ्या पट बदलताना एका रेषेत राहत नाहीत आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं.

जास्त पट कुठे लागते? गोंदियाच्या धानशेतीत सारसाची जोडी लांबून बघायची असेल, नवेगावबांधच्या तलावात मध्यावर बसलेली बदकं ओळखायची असतील, तिथे तिपाईवरची एकनळी दुर्बीण लागते. सारसाच्या घरट्याजवळ जायचंच नसतं, त्यामुळे तिथे तो खर्च योग्य आहे. मेळघाटात खास पक्षी बघायला जाणाऱ्यांना आम्ही १०×४२ देतो. रानपिंगळ्यासारखा वीतभर पक्षी सागाच्या उघड्या फांदीवर स्थिर बसलेला असतो, तिथे आठाऐवजी दहा पट असली तर बरं. बाकी सगळ्यांना ८×४२, आणि वजन नको असेल तर ८×३२.

"दुर्बीण खराब आहे, दोन-दोन दिसतं" किंवा "धूसर दिसतं" म्हणून जेवढ्या दुर्बिणी परत येतात, त्यांतल्या बहुतेकांत काहीही बिघाड नसतो. घेऊन आल्यावर एकदा एवढं करा. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जवळ-दूर करा, दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत. मग उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका आणि लांबच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्वच्छ करा. आता डावं भिंग झाका, मधलं चाक अजिबात हलवू नका, आणि उजव्या नळीच्या मागची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो, त्यासाठी ती कडी आहे. तिच्यावर आपली खूण पेनाने करून ठेवा. नंतर जंगलात फक्त मधलं चाक. घरातल्या दुसऱ्या कोणी दुर्बीण घेतली की खुणेवर परत आणायला विसरू नका. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत ढकला, नसेल तर बाहेर काढा.

हे करूनही दोन दिसत असेल तर मात्र नळ्यांची रेष बिघडली आहे. बहुधा दुर्बीण पडलेली असते. अशी दुर्बीण आणून द्या, घरी उघडू नका. एकदा उघडली की धूळ आत जाते आणि दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

ऑनलाइन तीच दुर्बीण आमच्यापेक्षा थोडी स्वस्त मिळते, हे आम्हाला माहीत आहे. आमच्याकडून जाणारी प्रत्येक जोडी आधी रेषेवर तपासलेली असते. खोक्यातून नवीकोरी निघालेली दुर्बीणही कधीकधी तिरकी असते, आणि अशा जोड्या आम्ही कंपनीला परत पाठवतो. वरचे पैसे त्या तपासणीचे आहेत. आमच्याकडून घेतलेल्या दुर्बिणीची रेष वर्षातून एकदा विनामूल्य तपासून देतो. दुसरीकडून घेतली असली तरी आणा, कडी कशी लावायची ते दाखवायला पैसे घेत नाही.

सफारीहून आल्यावर भिंगं शर्टाने किंवा ओढणीने पुसू नका. जिप्सीतल्या धुळीत बारीक खडे असतात, त्यांनी भिंगावरचा थर ओरबाडला जातो आणि तो परत देता येत नाही. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी भिंगाचं कापड. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि मुलांच्या हाती देताना सूर्याकडे बघायचं नाही हे सांगा, दर वेळी सांगा.

दुर्बीण बघायला संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास या. दुकानाच्या गच्चीवर नेऊन आठ, दहा आणि वीस अशा तिन्ही पटींतून समोरच्या पिंपळावरचे बगळे दाखवतो. बसायला वेळ ठेवा, आणि चष्मा वापरत असाल तर तो लावूनच या.