गॅसवर गाडीचा दम जातो?

‘गॅस बसवला की गाडीचा दम गेला,’ हे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. पण दोष प्रोपेनचा, म्हणजे गाडीच्या एलपीजीतल्या वायूचा नाही, तो हवेत मिसळून इंजिनात सोडणाऱ्या जुन्या मिक्सर किटचा आहे. त्यात वायुरूप प्रोपेन इनटेकमधली (इंजिनात हवा जायच्या वाटेतली) हवेची जागा खातो, म्हणून ताकद थोडी घटते. तोच द्रवरूपात इंजेक्ट केला, तर उणे ४२ अंशांना उकळणारं हे इंधन तिथेच वाफ होतं, आत जाणारी हवा गार करतं आणि ती तूट बरीचशी भरून काढतं. शिवाय ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) टाळायची ताकद, १०० च्या वर. साध्या पेट्रोलपेक्षा जास्त. म्हणजे टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनासाठी हे उत्तमच, नॉकिंगची धास्ती कमी! हां, लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी, त्यामुळे मायलेज पडतंच. आणि जुन्या इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह सीट (झडपा टेकतात त्या कडा) लवकर झिजतात. त्या आधी बदलून घ्या.