सॅम्पलर-स्थानांतर

सॅम्पलर-स्थानांतर : सॅम्पलर या यंत्रात साठवलेले ध्वनिनमुने (सॅम्पल) आणि त्यांवर बांधलेल्या तालरचना (पॅटर्न, सिक्वेन्स) संगणकावरील संगीत-सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची क्रिया. नमुना म्हणजे ध्वनिमुद्रणाचा तुकडा. रचना म्हणजे कोणता तुकडा केव्हा व किती जोराने वाजवायचा याची नोंद. या दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटांनी नेल्या जातात आणि अडचणी बहुधा त्यांच्या सांध्यावर येतात. अलीकडच्या यंत्रांतून कार्ड किंवा यूएसबीद्वारे साध्या फाइली मिळतात, म्हणून येथे मुख्यतः १९८० व १९९० च्या दशकांतील यंत्रांचा विचार केला आहे.

उगम : सॅम्पलरचा आरंभ सामान्यतः ऑस्ट्रेलियातील फेअरलाइट सीएमआय (१९७९) या यंत्रापासून धरतात. त्याआधीच्या मेलोडियन या अमेरिकी यंत्राकडेही काहीजण बोट दाखवतात. मात्र ‘सॅम्पल’ ही संज्ञा संगीतात रुळली ती फेअरलाइटमुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. स्थानांतराच्या आरंभाविषयीही दोन मते आहेत. पहिले मत मिडी (वाद्ये व संगणक यांच्यात संदेश नेण्याची पद्धत) वरील मिडी सॅम्पल डंप या १९८६ च्या सुमारास ठरलेल्या मानकाला महत्त्व देते. दुसरे त्याहून थोड्या आधीच्या साउंड डिझायनर (१९८५) या मॅकिंटॉशवरील सॉफ्टवेअरला देते. ई-म्यू कंपनीच्या इम्युलेटर-२ मधील नमुने केबलने संगणकात आणायचे, पडद्यावर तरंगाकृती पाहून कापायचे आणि पुन्हा यंत्रात धाडायचे, हे त्याचे काम. ते काढणाऱ्या डिजिडिझाइन कंपनीनेच पुढे प्रो टूल्स (१९९१) हे ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअर बाजारात आणले. हे पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. अर्थात तेव्हा संगणक हा केवळ मधला टप्पा होता. नमुन्याचे घर यंत्रच होते.

नमुन्यांचे वहन : मिडी तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट (आरंभ-अंताच्या खुणा धरून एका बाइटला दहा बिट). तिच्या प्रत्येक माहिती-बाइटमध्ये सातच बिट वापरता येत असल्याने ध्वनीची क्षणोक्षणीची पातळी सांगणाऱ्या १६ बिटांच्या एका मूल्याला तीन बाइट लागतात. सॅम्पल डंपच्या १२७ बाइटांच्या पुडक्यात माहितीसाठी १२० बाइट असतात, म्हणजे ४० मूल्ये. सेकंदाला ४४,१०० मूल्ये धरली, तर एका सेकंदाच्या एकमार्गी (मोनो) ध्वनीसाठी सुमारे १,१०३ पुडकी, म्हणजे जवळजवळ ४५ सेकंद! पोचपावतीचा वेळ यात धरलेला नाही. त्यामुळे स्कझी ही संगणक-उपकरणांची वेगवान जोडणी येताच ही वाट मागे पडली.

फ्लॉपी हा सर्वांत रुळलेला मार्ग, आणि आज सर्वांत कटकटीचाही. अकाई एस१००० (१९८८) हा सॅम्पलर उच्च घनतेच्या फ्लॉपीवर १·६ मेगाबाइट मावतील अशी स्वतःची आखणी करतो. बाजारातील यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह बहुधा ७२० किलोबाइट व १·४४ मेगाबाइट या दोनच आखण्या जाणतात. म्हणून चांगली फ्लॉपीही ‘खराब’ असल्याचा संदेश येतो. तो पाहून ती पुन्हा फॉरमॅट करू नये. अंतर्गत फ्लॉपी-नियंत्रक असलेला जुना संगणक किंवा ग्रीझवीझलसारखे चुंबकीय नोंदच उतरवून घेणारे उपकरण येथे कामी येते. दुमार्गी (स्टिरिओ) नमुना अकाईमध्ये -एल व -आर अशा दोन एकमार्गी फाइलींत असतो, तो पुन्हा जुळवावा लागतो. रूपांतरात लूपचे बिंदू (ज्यांमधला भाग पुन्हा पुन्हा वाजवायचा त्या खुणा) गळाले, तर लांबवलेला स्वर मध्येच तुटतो.

रचनांचे वहन : रचना स्टँडर्ड मिडी फाइलच्या रूपात नेतात. रॉजर लिन यांनी आखलेल्या अकाई एमपीसी६० (१९८८) या सॅम्पलर व रचनायंत्र एकत्र असलेल्या यंत्रात एका मात्रेचे (चतुर्थांश स्वराचे) ९६ टिक, म्हणजे वेळेचे सर्वांत लहान भाग, असतात. मिनिटाला ९२ मात्रांच्या लयीत एक टिक सुमारे ६·८ मिलिसेकंदांचा. लागोपाठच्या दोन षोडशांश स्वरांचे मिळून ४८ टिक होतात. स्विंग (जोडीतला दुसरा स्वर किती मागे पडतो याचे प्रमाण) ५० टक्के असेल, तर दुसरा स्वर २४ व्या टिकवर आणि ७५ टक्क्यांना ३६ व्या टिकवर पडतो. ५४ टक्क्यांचे गणित २५·९२ येते, पण पूर्ण टिकशिवाय गत्यंतर नसल्याने २६. हा आकडा मात्रेचे ९६० टिक मानणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका २६० होतो, त्यामुळे फाइलने नेलेला स्विंग जसाच्या तसा राहतो. सॉफ्टवेअरमधील ५४ टक्के स्विंग नव्याने लावल्यास स्वर २५९ व्या टिकवर येईल. एवढा फरक कानाला कळतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ‘एमपीसीची चाल’ यंत्राच्या लहरी घड्याळामुळे येते, ही समजूत लोकप्रिय आहे. खुद्द लिन यांनी मात्र स्विंग व बोटांच्या जोराची नोंद यांना श्रेय दिले आहे, आणि वरील आकडे पाहता तेच पटते. फाइलऐवजी तार जोडून रचना वाजवत नेल्यास मात्र एकेका स्वरसंदेशाला सुमारे १ मिलिसेकंद लागतो आणि एकत्र वाजणारे ठोके विस्कटतात.

मिडी फाइलमध्ये ध्वनी नसतो, स्वरक्रमांक असतात. एमपीसीच्या मूळ मांडणीत पहिल्या पॅडला (बोटाने वाजवायच्या बटणाला) ३७ आणि दुसऱ्याला ३६ हा क्रमांक आहे; जनरल मिडी या स्वरक्रमांकांच्या प्रचलित मानक मांडणीत ३६ म्हणजे बास ड्रम आणि ३७ म्हणजे साइड स्टिक. पहिल्या पॅडवर किक (बास ड्रम) ठेवणाऱ्याची रचना जनरल मिडीच्या ध्वनिसंचात उघडली की किकच्या जागी टकटक ऐकू येते. पॅडनिहाय यादी आधी कागदावर उतरवून घेणे हाच खात्रीचा उपाय.

ध्वनीचा पोत : ई-म्यू एसपी-१२०० (१९८७) हा सॅम्पलर १२ बिट व २६·०४ किलोहर्ट्झवर (सेकंदाला २६,०४० मूल्ये) नमुना घेतो, स्मृती एकूण सुमारे १० सेकंदांची. जागा वाचवण्यासाठी ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून नमुना घेत आणि यंत्रात तो पाचएक अर्धस्वर खाली उतरवत. या उतरवण्यात उमटणारी खरखर पुढे हिप-हॉपची ओळख ठरली. पण ती साठवलेल्या नमुन्यात नसते, वाजवताना निर्माण होते. म्हणून शुद्ध माहिती नेणाऱ्याला तो पोत मिळत नाही. रचना फाइलने न्यावी आणि प्रत्येक ध्वनी यंत्राच्या स्वतंत्र आउटपुटमधून मुद्रित करून घ्यावा, ही दुहेरी पद्धत वेळखाऊ असली तरी अधिक विश्वसनीय आहे.

महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा व बेंजो पार्ट्यांमध्ये रोलँडच्या पॅड-वाद्यांना सरसकट ‘ऑक्टोपॅड’ म्हणतात. त्यांपैकी एसपीडी-२० मध्ये बाहेरचा ध्वनी भरता येत नाही, त्यामुळे त्यातून ध्वनी नेण्याचा मार्ग मुद्रणाचाच. एसपीडी-एस मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, तर एसपीडी-एसएक्स मध्ये यूएसबीची सोय आहे.