पडताळता येणं वेगळं, उल्लेखनीय असणं वेगळं

विकिपीडियावर एखाद्या फारशा माहीत नसलेल्या अभिनेत्याचं पान वगळायला निघालं की चर्चेत एक वाक्य हमखास येतं: ‘पण यातली एकही गोष्ट खोटी नाही.’ बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. चित्रपटांची नावं, पात्रांची नावं, वर्षं, सगळं जुळतं. तरी आठवड्याभरात पान जातं आणि लिहिणाऱ्याला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला. खरं तर त्याने एका प्रश्नाचं चोख उत्तर दिलेलं असतं, पण विचारलेला असतो दुसराच.

पहिला प्रश्न पडताळणीचा: इथे लिहिलंय ते वाचकाला कुठे तपासता येईल? दुसरा उल्लेखनीयतेचा: या माणसाशी काही देणंघेणं नसलेल्या, भरवशाच्या लेखकांनी त्याच्याबद्दल आधीच पुरेसं लिहून ठेवलंय का? पहिला प्रश्न पानातल्या प्रत्येक विधानाला लागतो, दुसरा आख्ख्या पानाला. म्हणूनच एखाद्या चित्रपटाच्या पानावरच्या कलाकारांच्या यादीत नाव घालायला पडताळणी पुरते, पण त्याच नावाचं स्वतंत्र पान तयार करायचं तर ती पुरत नाही. (पुढचे नियम इंग्रजी विकिपीडियाचे आहेत. इतर भाषांतले विकिपीडिया आपापले नियम ठरवतात.)

अभिनेत्यांच्या बाबतीत हा घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण हा धंदाच पडताळणीचे पुरावे तयार करत चालतो. सुताराने केलेल्या कपाटावर त्याचं नाव नसतं. नटाचं नाव मात्र दोन मिनिटांच्या भूमिकेसाठीही बहुधा श्रेयनामावलीत येतं. ‘या चित्रपटात अमुकने डॉक्टरची भूमिका केली’ एवढ्या विधानाला खुद्द तो चित्रपट हा संदर्भ म्हणून चालतो. पण ते नाव पडद्यावर कोणी घातलं? ज्याने त्याला काम दिलं, त्याच निर्मात्याने. त्यातून कळतं ते एवढंच, की त्याला काम मिळालं होतं. बाहेरच्या कोणी त्या कामाकडे वळून पाहिलं का, हे कळत नाही.

आयएमडीबी या चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या साइटची गंमत अशी की ती दोन्ही परीक्षांत नापास होते. १९९० साली सुरू झालेली आणि १९९८पासून अॅमेझॉनच्या मालकीची ही साइट आहे उपयोगी, पण तिथली बरीचशी माहिती वापरणारेच भरतात. त्यामुळे विकिपीडिया तिला विश्वासार्ह संदर्भ मानत नाही. पानाच्या तळाशी बाह्य दुवा म्हणून ती चालते, इतकंच. एकाच नावाच्या दोन नटांची कामं एका खात्यावर चढणं, घोषणा होऊन कधीच न बनलेले चित्रपट यादीत राहणं, हे तिथे होत असतं. सारख्या नावांपुढे ती साइट रोमन आकडे लावते. ते न पाहता यादी उतरवली की दुसऱ्याचीच कारकीर्द आपल्या पानात येते. या साइटचा योग्य उपयोग वाट दाखवण्यापुरता करावा: तिथून चित्रपटांची नावं टिपायची आणि मग त्या प्रत्येकाची परीक्षणं शोधायला निघायचं.

खरी मेहनत त्या शोधातच आहे. सापडलेला प्रत्येक संदर्भ दोन्ही प्रश्नांसमोर धरून पाहावा लागतो, आणि उत्तरं बऱ्याचदा उलटसुलट येतात.

मुलाखतीचंच उदाहरण घ्या. ‘मी आधी शाळेत शिकवत होतो’ असं अभिनेता सांगतो. स्वतःबद्दलच्या अशा साध्या, वाद नसलेल्या माहितीला ती मुलाखत चालते. उल्लेखनीयतेसाठी मात्र त्याच्या तोंडची वाक्यं मोजत नाहीत. माणूस स्वतःबद्दल बोलला तर ती बाहेरच्याने घेतलेली दखल होत नाही. मुलाखतीच्या आधी पत्रकाराने स्वतः केलेलं विवेचन असेल, दोन-तीन परिच्छेद कारकिर्दीचा आढावा असेल, तर तेवढा भाग विचारात घेता येतो. प्रश्नोत्तरं सोडून उरलेलं वाचा. बऱ्याच मुलाखतींत एक ओळ उरते.

‘अमुक मालिकेत तमुकची एंट्री’ छापाच्या बातम्यांचंही तेच. भूमिका पडताळली गेली, पण खोली शून्य. त्यातही मजकूर निर्मितीसंस्थेच्या पत्रकातून उचललेला असला, तर पाच ठिकाणी छापून आला तरी संदर्भ एकच. हे ओळखायला सोपं आहे: बातमीतलं एखादं वैशिष्ट्यपूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. जशीच्या तशी वाक्यं वेगवेगळ्या साइटवर दिसली की मोजणी तिथेच थांबवायची. लेखकाचं नाव नसणं, वर-खाली कुठेतरी बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असणं, एकाच आठवड्यात अचानक चार ठिकाणी ‘उगवता तारा’ म्हणून कौतुक होणं, या खुणा पैसे देऊन छापून आणलेल्या मजकुराच्या. अशा मजकुरावर पडताळणीसाठीही विसंबू नये.

फारशा माहीत नसलेल्या नटाच्या बाबतीत सोनं सापडतं ते परीक्षणांत. पण सगळ्या परीक्षणांत नाही. ‘इतर कलाकारांनी चांगली साथ दिली’ आणि त्यानंतर कंसात पाच नावं, ही निव्वळ पडताळणी झाली. समीक्षकाने त्या एका कामावर परिच्छेद खर्च केला असेल, ते पात्र कसं उभं केलं, कुठे फसलं हे लिहिलं असेल, तर ती दखल. संपूर्ण लेख त्या नटावरच हवा असं नाही. तो थेट आणि तपशिलाने येतो का, एवढं पाहायचं. शब्दसंख्येचा नियम नाही. एक घरगुती कसोटी मात्र कामाची आहे: बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त तो एक संदर्भ समोर घ्या आणि त्याच्यावरून माणसाबद्दल चार-पाच वाक्यं लिहून पाहा. भूमिकांची यादी सोडून काहीच सुचत नसेल, तर ती ओझरती दखल होती. टीका चालते. झोडपून काढणारं सविस्तर परीक्षण गोड ओळीपेक्षा जास्त मोलाचं.

रंगभूमीवरच्या नटांसाठी प्रयोगाची माहितीपत्रिका म्हणजे श्रेयनामावलीच. तिथेही परीक्षणंच शोधायची. त्यांच्यावर आणि जुन्या पिढीतल्या कलाकारांवर अन्याय होतो तो बहुधा शोध नुसत्या गूगलवर थांबल्यामुळे. छापील वृत्तपत्रांचे संग्रह, ग्रंथालयांतली मासिकं, चित्रपट-नाट्यविषयक कोश आणि पुस्तकं पाहिल्याशिवाय ‘काही सापडत नाही’ म्हणू नये. संदर्भ ऑनलाइन असलाच पाहिजे असं कोणताही नियम सांगत नाही. अंक, तारीख, पान नोंदवलं की झालं. नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं जात असेल, लग्नानंतर किंवा पडद्यासाठी बदललं असेल, तर तितक्या वेळा शोध घ्यायचा. मृत्युलेखांतही फरक करावा लागतो: संपादकीय विभागाने लिहिलेला मृत्युलेख दखल ठरतो, नातेवाइकांनी पैसे भरून दिलेली निधनवार्ता नाही.

संदर्भ किती हवेत? नियम ‘अनेक’ म्हणतो. चर्चेत प्रत्यक्षात विचारतात ते ‘सर्वांत चांगले तीन दाखवा’. तीन भक्कम संदर्भ असतील तर पान टिकण्याची शक्यता चांगली. नसतील आणि खाली तीस दुवे लटकवले असतील, तर अनुभवी विकिपीडिया संपादकाला उलट संशय येतो. त्यातून प्रत्येक संदर्भ तीन रकान्यांत तपासतात: स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, सविस्तर आहे का. तिन्ही ‘हो’ आले तरच तो मोजायचा. दोन ‘हो’ला अर्धे गुण नाहीत. चरित्रांसाठी एक सवलत आहे, छोट्या छोट्या स्वतंत्र दखली एकत्र धरता येतात. पण ‘छोट्या’ म्हणजे निव्वळ नामोल्लेख नव्हे.

आता अभिनेत्यांचा खास निकष, ज्याच्यामुळे दोन्ही प्रश्न पुन्हा एकमेकांत मिसळतात. एकाहून अधिक उल्लेखनीय चित्रपटांत, मालिकांत, नाटकांत किंवा अन्य निर्मितींत महत्त्वाच्या भूमिका केल्या असतील, तर तो अभिनेता उल्लेखनीय असण्याची शक्यता धरली जाते. वरवर पाहता हा भूमिका मोजायचा नियम वाटतो, आणि म्हणून लोक यादी घेऊन येतात. त्यातला प्रत्येक शब्द मात्र अडवतो. ‘एकाहून अधिक’: तीनशे भागांच्या मालिकेतली मुख्य भूमिका म्हणजेही एकच निर्मिती. ‘उल्लेखनीय’: त्या चित्रपटाचंही स्वतःचं पान टिकण्याजोगं हवं, नुसता प्रदर्शित झालेला असून भागत नाही. ‘महत्त्वाच्या’: इथे सगळ्यात जास्त वाद होतात. सोपा मार्ग असा की चित्रपटाचं कथानक सात-आठ वाक्यांत लिहायचं. ते पात्र वगळून कथा सांगता आली, तर भूमिका छोटी. एका भागापुरत्या पाहुण्या भूमिका पंचवीस जमल्या तरी त्यांची एक महत्त्वाची भूमिका होत नाही.

आणि ‘शक्यता धरली जाते’ हेही सोडून चालणार नाही. निकष सांगतो की अशा माणसाबद्दल संदर्भ बहुधा असतील, शोधा. दोन मुख्य भूमिका आहेत पण कसून शोधूनही दोन परिच्छेदांचा मजकूर कुठे सापडत नाही, अशा वेळी पान टिकेलच असं नाही. आमच्या मते ते योग्यही आहे: संदर्भच नसतील तर पानात लिहिणार काय? भूमिकांचा तक्ता, एवढंच.

समाजमाध्यमांवरचे लाखो अनुयायी दोन्हीपैकी कशाचाच पुरावा नाहीत. प्रसिद्ध नटाचा भाऊ किंवा मुलगी असणं पडताळता येतं. त्याने उल्लेखनीयता येत नाही, ती वारशाने मिळत नाही. एकाच घटनेमुळे, एखाद्या व्हायरल चित्रफितीमुळे किंवा वादामुळे नाव गाजलं असेल, तर नोंद बहुधा त्या घटनेच्या पानात जाते. पुरस्काराचं पाहायचं ते त्याचं वजन: तो पुरस्कार स्वतः सर्वज्ञात आहे का? अर्ज आणि शुल्क भरून मिळणाऱ्या ट्रॉफीची पडताळणी झाली तरी वजन शून्यच.

उलट दिशेने होणारी चूक कमी बोलली जाते. अभिनेता निःसंशय उल्लेखनीय असतो, तीन उत्तम लेख असतात, आणि मग ‘आता काहीही घालायला हरकत नाही’ म्हणून जन्मतारीख, वैवाहिक माहिती, शाळेचं नाव कुठल्याशा चाहत्यांच्या साइटवरून येतं. उल्लेखनीयतेचा दाखला पानाला मिळाला, त्या विधानांना नाही. हयात व्यक्तीबद्दलचं वादग्रस्त आणि संदर्भहीन विधान चर्चेची वाट न पाहता काढून टाकायचं असतं. पूर्ण जन्मतारीख तर विश्वासार्ह संदर्भांत सर्वत्र छापून आलेली असेल, किंवा तिला त्या व्यक्तीची हरकत नसावी असं स्पष्ट दिसत असेल, तरच द्यावी.

संपादकांचा निर्णय संदर्भांवर होतो, माणसाच्या योग्यतेवर नाही, याचं गाजलेलं उदाहरण अभिनयाबाहेरचं आहे. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८मध्ये पुरेशी स्वतंत्र दखल दाखवलेली नाही म्हणून परत पाठवला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच दिवशी पान झालं. मसुद्यातली माहिती खोटी आहे, असा आक्षेप कोणाचाच नव्हता.

मग पडताळता येणाऱ्या पण उल्लेखनीय नसलेल्या नटाचं करायचं काय? चित्रपटाच्या पानावरच्या कलाकारांच्या यादीत नाव आणि पात्र. एकच ठळक काम असेल तर त्या पानाकडे पुनर्निर्देशन, म्हणजे नाव शोधणारा वाचक आपोआप तिथे पोहोचतो. मात्र तिथे नाव खरोखर आलेलं हवं, नाहीतर वाचक रिकाम्या दारात उभा राहतो. चार ठिकाणी सारखीच छोटी कामं असतील तर पुनर्निर्देशन कुठे करायचं हेच ठरत नाही, आणि अशी पानं बहुधा वगळलीच जातात. विकिडेटाचा, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसंचाचा, उंबरठा बराच खाली आहे. गंभीर सार्वजनिक संदर्भांनी ओळख पटत असेल तर तिथे नोंद होऊ शकते. कारकीर्द नुकतीच सुरू झाली असेल तर मसुदा ठेवावा, पण सहा महिने त्याला कोणी हात लावला नाही तर तोही वगळला जाऊ शकतो. धूळपाटीवर (सरावासाठीच्या कच्च्या पानावर) आधी संदर्भ गोळा करून नंतर वाक्यं लिहिणारे या फेऱ्यातून वाचतात. नटाकडून किंवा त्याच्या व्यवस्थापकाकडून पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींतच आहे.

पान वगळण्याच्या चर्चेला आलं तर साधारण सात दिवस मिळतात. एकमत दिसत नसेल तर मुदत वाढू शकते. त्या दिवसांत ‘ठेवा, हे खरं आहे’ लिहिण्यापेक्षा एक सविस्तर परीक्षण शोधून त्याचा दुवा टाकणं शंभर पटीने परिणामकारक. पान गेलंच, तर तेच संदर्भ घेऊन तोच मजकूर पुन्हा टाकू नये. तो चर्चेविना तात्काळ वगळता येतो. नवी दखल छापून आली की प्रचालकाकडे (पानं वगळण्याचे आणि परत आणण्याचे अधिकार असलेल्या सदस्याकडे) जुना मजकूर मसुदा म्हणून परत मागायचा, नवे संदर्भ वरच्या परिच्छेदांत बसवायचे, आणि जे फक्त पडताळणीपुरतं होतं ते खालच्या तक्त्यात ढकलायचं.