पीएसएच्या आकड्यामागचे जनुक

पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामांनी गेल्या महिन्यात नाशिकच्या मूत्रविकारतज्ज्ञांसमोर रक्ततपासणीचे दोन अहवाल ठेवले. वर्षापूर्वीच्या अहवालात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराची चाहूल देणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण, ५.२ होते, नव्यात २.५. आकडा निम्म्यावर आल्याने मामा खुशीत होते. मात्र प्रोस्टेटच्या वाढीसाठी वर्षभर आपण फिनास्टेराइडची गोळी घेत आहोत, हे या नव्या डॉक्टरांना सांगायचे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन असून वीर्य पातळ करणे हे त्याचे मूळ काम आहे. ते प्रथिन ज्या जनुकावरून बनते, ते केएलके३ हे जनुक १९ व्या गुणसूत्रावर असते. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते असले, तरी मुख्यतः प्रोस्टेटमध्येच आणि तेही पुरुषी संप्रेरकाच्या हुकमावरून ते चालू होते. द्राक्षघडांवर जीएची (जिबरेलिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाची) फवारणी करणाऱ्या मामांना संप्रेरकाची मात्रा किती थोडी पुरते, हे निराळे सांगावे लागले नाही.

रक्तातील टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटच्या पेशीत शिरल्यावर तेथील एक विकर (एन्झाइम) त्याचे डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करते. डीएचटी ज्याला चिकटते, ते ग्राही प्रथिन एरवी पेशीद्रवात इतर प्रथिनांच्या पहाऱ्यात पडून असते. संप्रेरक येताच त्याची घडण बदलते, ते केंद्रकात जाते आणि जोडीजोडीने डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रमांवर बसते. नवलाची गोष्ट अशी, की यांपैकी अतिशय प्रभावी असलेली एक जागा जनुकाच्या आरंभापासून सुमारे ४,००० अक्षरे दूर आहे. मधला डीएनएचा धागा वळसा घेतो, ती जागा आरंभाशी भिडते आणि मग जनुकाची आरएनए प्रत निघू लागते.

फिनास्टेराइड नेमके ते विकर अडवते. डीएचटी घटते, ग्रंथी आक्रसते, जनुकही मंदावते आणि सहा महिने ते वर्षभरात रक्तातील पीएसए साधारण निम्मे होते. त्यामुळे गोळी घेणाऱ्याचा आकडा दुप्पट करून वाचण्याची पद्धत आहे. अहवालावर छापलेली मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा गोळी न घेणाऱ्यांची असते, आणि माझ्या मते ही ओळ तेथेच छापायला हवी.

गोळीचे नाव ऐकताच डॉक्टरांनी पेनाने २.५ पुढे ‘× २’ लिहिले आणि तपासणी पुन्हा करायला सांगितली.