टॅग कुठल्या टोकाला? रिसेप्टरचे प्लाझ्मिड मागवण्याआधी

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारा गोलाकार डीएनए) मागवताना ऑर्डर फॉर्मवर जनुकाचे नाव सगळे नीट लिहितात. टॅगच्या, म्हणजे प्रथिन ओळखता यावे म्हणून त्याला जोडायच्या खुणेच्या, रकान्यात मात्र बरेचदा ‘नेहमीचा’ एवढेच असते. मग आम्ही फोन करतो. राग मानू नका, तुमचे पुढचे कित्येक महिन्यांचे काम त्या एका उत्तरावर अवलंबून असते.

रिसेप्टर म्हणजे बाहेरचा संदेश पेशीत पोचवणारे प्रथिन. जी-प्रोटीनशी जोडलेले रिसेप्टर माणसात सुमारे ८०० आहेत. प्रत्येकाची अमिनो आम्लांची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. तिची सुरुवात, म्हणजे एन-टोक, पेशीबाहेर; शेवट, म्हणजे सी-टोक, आत. रिसेप्टर पृष्ठभागावर पोचला का, हे पाहायचे असेल तर टॅग एन-टोकालाच हवा. फ्लॅग टॅग अवघ्या ८ अमिनो आम्लांचा आहे. डिटर्जंट न वापरता, म्हणजे पटलाला भोके न पाडता, टॅगला चिकटणारी चमकती अँटिबॉडी घातली की ती पेशीत शिरत नाही, त्यामुळे चमकते ते बाहेरचेच. बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टर असलेल्या जिवंत एचईके-२९३ पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) आधी अशी अँटिबॉडी लावा, मग त्या रिसेप्टरला चेतवणारे आयसोप्रोटेरेनॉल घाला. अर्ध्या तासात कडेची रेघ पुसट होते आणि आत ठिपके उमटतात, म्हणजे रिसेप्टर आत गेला. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापासून हलत नाही.

सी-टोकाला जीएफपी (स्वतःच हिरवे चमकणारे प्रथिन) लावला तर अँटिबॉडी लागत नाही, हे खरे. पण तो २३८ अमिनो आम्लांचा गोळा आहे. बीटा-२ ची शेवटची चार अमिनो आम्ले आतल्या इतर प्रथिनांना धरतात; ती झाकली गेली की आत गेलेला रिसेप्टर पटलावर परतण्याऐवजी लायसोसोमची, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या कप्प्याची, वाट धरतो. परतीचा अभ्यास करणाऱ्यांना आम्ही हा टॅग देत नाही, आग्रह केला तरी आधी समजावतो.

काही रिसेप्टरांना स्वतःचा सिग्नल पेप्टाइड (पटलाकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा) असतो आणि तो कापला जातो. टॅग त्याच्या आधी बसवला तर तोही कापून जाईल, म्हणून आम्ही तो कापण्याच्या जागेनंतर घालतो. फ्लॅगला धरणारी एम-१ अँटिबॉडी वापरणार असाल तर बफरमध्ये कॅल्शियम ठेवा. कॅल्शियम पकडणारे ईडीटीए पडले की ती सुटते.

प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, सीएमव्ही आहे, जोरकस. डीएनए थोडा घालूनच सुरुवात करा, नाहीतर रिसेप्टर आतच साचतो. प्लाझ्मिड घेतलेल्या पेशी निवडायला जिवाणूंसाठी ॲम्पिसिलिन, कायम पेशीवंशासाठी जी-४१८ हे प्रतिजैविक.

गेल्या पावसाळ्यात ताळगावहून फोन आला, ‘ट्यूब रिकामीच आली.’ रिकामी नव्हती. १० मायक्रोग्रॅम सुका डीएनए डोळ्यांना दिसत नाही, आणि झाकण उघडताना तो उडूही शकतो. आधी एक मिनिट सेंट्रिफ्यूज करा, मग उघडा. १०० मायक्रोलिटर ट्रिस बफर घाला, दहा मिनिटे थांबा. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या आपल्या दमट हवेत पाकिटातली सिलिका जेलची पुडी फेकू नका. ट्यूब वापरेपर्यंत तिच्यासोबतच ठेवा.

गणेश चवथीच्या आठवड्यात आमच्याकडून पार्सल सुटत नाही. तेवढे धरून ऑर्डर द्या.